बोर्ड चालू, पण नोड गायब: छोट्या क्लस्टरमधल्या नेटवर्क आणि रीबूटच्या अडचणी कशा शोधायच्या

चार-सहा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर (एसबीसी, म्हणजे रास्पबेरी पायसारखे एकाच बोर्डावरचे छोटे संगणक) एका स्विचला जोडून क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, उभा केला की एक तक्रार हमखास येते: रीबूट दिला आणि नोड, म्हणजे त्यातला एखादा बोर्ड, परत आलाच नाही. बोर्डावरचा दिवा पेटलेला असतो, पण पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर नाही आणि एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही. अशा वेळी हात आपोआप पॉवरच्या केबलकडे जातो. केबल काढून परत लावली की बहुतेक वेळा नोड उठतोही. पण तेवढ्यात बिघाडाचा सगळा माग पुसला जातो, आणि काही दिवसांनी तीच अडचण पुन्हा येऊन उभी राहते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की आधी पुरावा गोळा करा आणि मगच केबलला हात लावा. दुसरा आग्रह क्रमाचा आहे. वीज, मग केबल आणि स्विच, मग आयपी पत्ता, आणि सगळ्यात शेवटी क्लस्टरचं सॉफ्टवेअर. बहुतेक जण याच्या नेमकं उलट जातात. कुबरनेटीस या क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये तासन्‌तास डोकं घालतात आणि शेवटी दोष निघतो अडॅप्टरचा.

केबल काढण्याआधी काय बघायचं

नोड गायब झाला की तो तीनपैकी एका अवस्थेत असतो. एक, बोर्ड बूटच झालेला नाही. दोन, बूट झाला आहे पण नेटवर्क आलेलं नाही. तीन, नेटवर्क ठीक आहे पण क्लस्टर त्याला ‘नॉट रेडी’ म्हणतोय. यातली कोणती ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

ठरवायला फार काही लागत नाही. इथरनेट पोर्टचे दिवे बोर्डाकडून आणि स्विचकडून, दोन्ही बाजूंनी बघा. राउटरवर डीएचसीपीची (आपोआप वाटलेल्या आयपी पत्त्यांची) यादी उघडा आणि त्या बोर्डाचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक, अलीकडे दिसला का ते तपासा. शेजारच्या नोडवरून पिंग करा आणि लगेच ‘आयपी नेबर’ ही शेजाऱ्यांचे मॅक पत्ते दाखवणारी कमांड देऊन बघा. पिंगला उत्तर नसलं तरी तिथे मॅक पत्ता आलेला असेल, तर बोर्डाचं नेटवर्क जिवंत आहे आणि अडथळा वरच्या थरात आहे. तिथे ‘फेल्ड’ दिसत असेल तर खालच्या थरात शोधा.

सिरियल कन्सोलला, म्हणजे नेटवर्क नसतानाही बोर्डाचे संदेश केबलवरून थेट बघण्याच्या सोयीला, पर्याय नाही. यूएसबी ते सिरियल अशी साधी केबल जवळ ठेवा, मात्र ती ३.३ व्होल्टचीच हवी. ५ व्होल्टच्या सिग्नलने बोर्डाच्या पिना कायमच्या जळू शकतात. रास्पबेरी पायवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबरची पाठवण्याची आणि १० नंबरची घेण्याची. केबलची लाल, म्हणजे वीज देणारी वायर जोडू नका. वेग ११५२०० ठेवा. रॉकचिप कंपनीच्या चिपवरच्या बऱ्याच बोर्डांचा कन्सोल मात्र १५००००० या वेगावर बोलतो. तिथे ११५२०० लावलं की पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा येतो आणि बोर्डच बिघडलाय असा समज होतो.

आता लॉग. कार्डाचं आयुष्य वाढावं म्हणून एसबीसीसाठीच्या अनेक इमेज (कार्डावर उतरवायच्या तयार सिस्टिम) लॉग रॅममध्ये ठेवतात. आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) तसंच करतं. त्यामुळे वीज गेली की लॉगही जातो. जिथे अडचण येते आहे त्या नोडवर जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, कायमस्वरूपी करा. तो लिहिणाऱ्या जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टोरेज’ची किंमत ‘पर्सिस्टंट’ ठेवा, आणि कार्ड भरून जाऊ नये म्हणून २०० एमबीची मर्यादा घाला. रॅममधल्या लॉगची वेगळी सेवा चालू असेल तर ती तपासापुरती बंद करा. मग ‘जर्नलसीटीएल’ या लॉग वाचण्याच्या कमांडला आधीच्या बूटचा लॉग मागा आणि त्याच्या शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. सेवा एकामागून एक बंद होत गेल्याचं दिसलं तर शटडाउन नीट सुरू झालं होतं. अडकलं ते अगदी शेवटच्या टप्प्यात किंवा पुढच्या बूटमध्ये. लॉग मध्येच कापल्यासारखा संपला असेल तर वीज गेली, कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोसळला किंवा वॉचडॉगने (बोर्ड गोठला की तो रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं.

हे वाचताना वेळेच्या नोंदींवर फार विसंबू नका. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ वर ते आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. घड्याळ नसलेला बोर्ड शेवटी साठवलेल्या वेळेपासून सुरू होतो आणि नेटवर्क आल्यावर एकदम पुढे उडी मारतो. त्यामुळे ‘रात्री तीनला रीबूट झाला’ या निष्कर्षात काही तासांची चूक सहज असू शकते. ओळींचा क्रम मात्र खरा असतो.

वीज: सगळ्यात आधी, आणि खरोखर मोजून

रास्पबेरी पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी’ या साधनाला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर शून्य आलं तर उत्तम. समजा उत्तर ‘०एक्स५०००५’ आलं. उजवीकडचा ५ म्हणजे ४ अधिक १: या क्षणी व्होल्टेज कमी आहे (१) आणि प्रोसेसरचा वेग खाली ओढलेला आहे (४). डावीकडचा ५ तेच दोन दोष सांगतो, पण बूटपासून आतापर्यंत केव्हा तरी घडलेले. म्हणूनच ‘०एक्स५००००’ हे उत्तर फार मोलाचं: आत्ता सगळं ठीक दिसतंय, पण मधे व्होल्टेज पडलं होतं. रीबूट केलं की ही नोंद शून्य होते. केबल काढण्याआधी बघा म्हणतो, त्याचं हे आणखी एक कारण.

कमी व्होल्टेजचा इशारा साधारण ४.६३ व्होल्टला येतो. अडॅप्टरवर ५ व्होल्ट छापलेले असले तरी पातळ, लांब यूएसबी केबलमध्ये त्यातला बराच भाग वाटेतच जातो. चारही कोर पूर्ण कामाला लावा आणि त्याच वेळी बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांवर मल्टिमीटरने मोजा. मोजताना टोकं शेजारच्या पिनेला टेकणार नाहीत याची काळजी घ्या. रिकाम्या बसलेल्या बोर्डावर मोजलेला आकडा काहीच सांगत नाही.

पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ अँपिअर. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर मिळाला नाही तर तो यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. यूएसबी एसएसडीवरून बूट होणारा नोड अशा वेळी कधी उठतो, कधी उठत नाही. अनेक पोर्टच्या चार्जरवर क्लस्टर चालवत असाल तर प्रत्येक पोर्टची क्षमता आणि सगळ्या पोर्टची मिळून क्षमता हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा सगळ्या पोर्टच्या बेरजेपेक्षा जवळजवळ नेहमी कमी असतो.

पीओईचंही, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरूनच वीज देण्याचंही, तसंच. ८०२.३एएफ प्रमाणात स्विचचा पोर्ट १५.४ वॅट देतो आणि बोर्डापर्यंत १२.९५ वॅटची हमी असते. ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ होतात. आठ पोर्टचा स्विच आठही पोर्टवर पूर्ण १५.४ वॅट द्यायचा म्हटला तर १२३ वॅट लागतील, आणि छोट्या स्विचचं एकूण बजेट बहुतेकदा याच्या निम्म्याच्या आसपास असतं. सगळे नोड एकदम रीबूट केले की सगळे एकाच वेळी जोर लावतात आणि स्विच शेवटच्या पोर्टची वीज तोडतो. ‘एकेकटा रीबूट केला तर येतो, सगळे एकत्र केले तर एक येत नाही’ हे लक्षण दिसलं की आधी बजेट बघा.

वीज आणि नेटवर्क या वेगळ्या गोष्टी आहेत असं वाटतं, पण जुन्या बोर्डांत त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. रास्पबेरी पाय ३ पर्यंत इथरनेट यूएसबीमार्गेच चालतं. व्होल्टेज डळमळलं की यूएसबी रीसेट होतं आणि त्याबरोबर इथरनेट जातं. लॉगमध्ये यूएसबी डिस्कनेक्टची ओळ आणि लगोलग लिंक गेल्याची ओळ, अशी जोडी दिसली तर नेटवर्कचं कॉन्फिग तपासण्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. स्वतःचा अडॅप्टर असलेला काही प्रकारचा यूएसबी हब बोर्डाला उलटी वीज पुरवतो. तुम्ही बोर्डाची केबल काढता, पण बोर्ड पूर्ण बंद होतच नाही. अर्धवट विजेवर अडकून राहतो. केबल काढल्यावरही एखादा दिवा मंद पेटलेला दिसला तर हेच चाललंय. हब काढून तपासा.

केबल आणि स्विच

‘ईथटूल’ या कमांडने लिंकचा वेग बघा. गिगाबिटचा बोर्ड १०० वर अडकला असेल तर केबलवर संशय घ्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली की लिंक गुपचूप खालच्या वेगावर येते आणि चालतही राहते. क्लस्टरमध्ये एकच नोड सतत मागे पडतो, स्टोरेजची कामं त्याच्यावर लटकतात, त्यामागे कित्येकदा ही एक तार असते. ‘आयपी लिंक’च्या आकडेवारीत चुकांचा आकडा वाढतोय का तेही पाहा. केबल आणि स्विचचा पोर्ट एकदम बदलू नका. आधी चांगल्या नोडची केबल इकडे लावा. दोष केबलबरोबर गेला का, पोर्टपाशी राहिला का, की बोर्डालाच चिकटला, हे दोन अदलाबदलींत कळतं. सगळे बोर्ड सारखे असण्याचा हा मोठा फायदा आहे, तो घ्या.

लिंक काही तासांनी आपोआप पडते आणि उठते असं असेल तर वीजबचतीचं इथरनेट, म्हणजे ईईई, बंद करून बघा. काही बोर्ड आणि काही स्विच यांचं त्यावर जमत नाही. वायफायवरच्या नोडसाठी वायफायची पॉवर-सेव्ह बंद करणं हीच पहिली पायरी.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर स्पॅनिंग ट्रीकडे, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहण्याचा लूप टाळणाऱ्या पद्धतीकडे, लक्ष द्या. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये लिंक आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग डेटा सोडतो. या ३० सेकंदांत बोर्डाची डीएचसीपीची विनंती वाया जाते, आणि नेटवर्कवरून बूट होणारा बोर्ड तर कंटाळून पुढच्या पर्यायाकडे वळतो. बोर्ड लावलेले पोर्ट ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ करा. हे फक्त बोर्डांच्या पोर्टना करा. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टला केलंत तर लूपचा धोका ओढवून घ्याल.

एकाच कार्डाच्या नकला आणि ओळखीचा घोळ

माझ्या मते छोट्या क्लस्टरमधला हा सगळ्यात फसवा दोष आहे. एक कार्ड नीट तयार करायचं, त्याची इमेज काढायची, सगळ्या कार्डांवर उतरवायची आणि होस्टनेम तेवढं बदलायचं. पण होस्टनेम ही ओळखीची फक्त वरची पाटी आहे. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘मशीन-आयडी’ फाइलमध्ये खरी ओळख असते, आणि ती सगळ्या कार्डांवर सारखीच राहते.

सिस्टमडी हे लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर; त्याचा नेटवर्कचा भाग, सिस्टमडी-नेटवर्कडी, डीएचसीपीकडे स्वतःची ओळख सांगताना सहसा या मशीन-आयडीवरून बनवलेला क्रमांक देतं. उबंटू सर्व्हर त्यावरच चालतो. दोन बोर्डांचा मॅक पत्ता वेगळा असूनही डीएचसीपी सर्व्हरला ते एकच यंत्र वाटतं आणि तो दोघांना एकच आयपी देतो. मग कधी पहिला नोड दिसतो, कधी दुसरा. एक रीबूट केला की दुसरा ‘पडतो’.

पुढची गंमत गंभीर आहे. इमेजबरोबर एसएसएचच्या होस्ट कीही (यंत्राची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) सारख्याच गेल्या असतील तर एरवी येणारा ‘यंत्राची ओळख बदलली आहे’ हा इशारा येतच नाही. तुम्ही एकाच पत्त्यावर दोनदा लॉगिन करता आणि नकळत दोन वेगळ्या बोर्डांवर पोचता. प्रॉम्प्टमधलं होस्टनेम प्रत्येक वेळी वाचा. तिसऱ्या नोडवरून त्या पत्त्याला ‘एआरपिंग’ (उत्तर देणाऱ्याचा मॅक पत्ता दाखवणारा पिंग) करा. दोन वेगवेगळ्या मॅक पत्त्यांवरून उत्तरं आली तर शंकेला जागा उरत नाही.

ब्रिज, म्हणजे बोर्डाच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच, वापरत असाल तर घोळ आणखी वाढतो. सिस्टमडी ब्रिजचा मॅक पत्ता मशीन-आयडी आणि ब्रिजचं नाव यांवरून बनवू शकतं. दोन्ही सारखे असले की दोन नोडवर तंतोतंत एकच मॅक पत्ता तयार होतो आणि स्विच गोंधळून पॅकेट कधी इकडे, कधी तिकडे पाठवतो.

उपाय असा: इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. डिलीट करू नका, फक्त आतला मजकूर काढा; पुढच्या बूटला नवी ओळख तयार होते. ‘व्हार’ फोल्डरमध्ये डी-बस या सेवेची मशीन-आयडीची वेगळी प्रत असेल तर ती मूळ फाइलकडे दाखवणारी लिंक करा. एसएसएचच्या होस्ट की काढून टाका आणि प्रत्येक बोर्डावर नव्या बनवा. हे सगळं इमेजवर करायचं राहिलंच असेल तर नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क कॉन्फिगमध्ये) डीएचसीपीची ओळख ‘मॅक’वर ठेवा, पत्त्याचं भांडण तरी थांबेल.

काही स्वस्त बोर्डांची अडचण याच्या उलट असते: त्यांच्यावर कायमचा मॅक पत्ताच नसतो आणि तो दर बूटला बदलू शकतो. राउटरवर राखून ठेवलेला आयपी मग मिळत नाही. अशा बोर्डाला कॉन्फिगमध्ये हातानेच पत्ता द्या. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई ठेवा, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या पत्त्याशी तो धडकणार नाही.

अपडेटनंतर नेटवर्क गेलं असेल तर दोन गोष्टी लगेच तपासा. नव्या सिस्टमडीत अनेक बोर्डांवर ‘ईथ०’ या इथरनेट पोर्टचं नाव ‘एंड०’ होतं. जुन्या नावाने लिहिलेलं कॉन्फिग मग कुणालाच लागू होत नाही. आणि २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएस नेटवर्कमॅनेजर वापरतं, त्यामुळे आधीच्या ‘डीएचसीपीसीडी’च्या फाइलमध्ये लिहिलेला स्थिर आयपी तिथे नुसता पडून राहतो.

रीबूट अडकतो तेव्हा

बंद होताना अडकला की चालू होताना, हे सिरियल कन्सोलवर एका नजरेत दिसतं.

बंद होताना अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एनएफएस (दुसऱ्या यंत्रावरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडण्याची, म्हणजे माउंट करण्याची, पद्धत). नेटवर्क आधी गेलं आणि माउंट मागे राहिलं, की कर्नल त्या सर्व्हरची वाट बघत बसतो. माउंटच्या ओळीत ‘_नेटडेव्ह’ लिहा, शक्य असेल तिथे ऑटोमाउंट वापरा. ज्या नोडवर एनएफएस सर्व्हर आहे तो सगळ्यात शेवटी रीबूट करा. एखादी सेवा बंद होत नसेल तर सिस्टमडी सहसा ९० सेकंद थांबून तिला मारतं. अशा दोन-तीन सेवा असल्या की नोड मेल्यासारखा वाटतो, पण तो नुसता थांबलेला असतो. पाच मिनिटं धीर धरा.

चालू होताना अडकण्यात यूएसबी एसएसडी आघाडीवर. रीबूटमध्ये ५ व्होल्ट बऱ्याचदा पुरेसे तुटत नाहीत, त्यामुळे एसएसडीच्या डब्यातली चिप आधीच्या अवस्थेतच राहू शकते आणि बूटलोडरला (सुरुवातीला सिस्टिम शोधून उचलणाऱ्या प्रोग्रामला) उत्तर देत नाही. केबल काढून लावली की चालतं, नुसत्या रीबूटला चालत नाही, ही याची खूण. आधी बोर्डाचं बूटलोडर अद्ययावत करा. तरीही जमत नसेल तर त्या चिपसाठी यूएएस (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) बंद करणारा पर्याय कर्नलच्या ओळीत घाला; वेग थोडा कमी होईल, पण नोड उठेल. पाय ४ आणि ५ वर बूटचा क्रमही तपासा. ‘०एक्सएफ४१’ हा क्रम उजवीकडून वाचायचा: १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा एफ नसेल तर एकदा हुकलेला बोर्ड पुन्हा प्रयत्न करत नाही.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) लिहिलेली एखादी जास्तीची डिस्क सापडली नाही तर बूट इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि कीबोर्ड नसलेला बोर्ड तिथेच राहतो. रूट (सिस्टिमची मुख्य डिस्क) सोडून बाकी प्रत्येक ओळीत ‘नोफेल’ हवंच. आणखी एक: कार्डाची नक्कल करून एसएसडी बनवली आणि दोन्ही एकाच बोर्डाला लावून ठेवली, तर दोन्हींचे पार्टयूयूआयडी (पार्टिशनचे ओळखक्रमांक) सारखे असतात. कर्नल एकाकडून आणि रूट दुसऱ्याकडून उचलला जातो, आणि ‘केलेले बदल रीबूटनंतर नाहीसे होतात’ अशी चमत्कारिक तक्रार सुरू होते.

वॉचडॉग जरूर चालू करा. सिस्टमडीच्या कॉन्फिगमध्ये ‘रनटाइम वॉचडॉग’ची वेळ दिली की गोठलेला बोर्ड स्वतःच रीसेट होतो, रास्पबेरी पायवर ही वेळ १५ सेकंदांच्या आत ठेवा. कर्नल पॅनिकनंतर १० सेकंदांत रीबूट होण्यासाठी कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ घाला. मात्र लॉग कायमस्वरूपी केल्यावरच. नाहीतर वॉचडॉग दोष झाकून टाकेल आणि नोड रोज रीबूट होतोय हे तुम्हाला कळणारही नाही.

नोड पिंग होतो, पण क्लस्टरमध्ये नाही

के३एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) वापरत असाल तर रास्पबेरी पाय ओएसवर मेमरी सीग्रुप (प्रोग्रामांच्या मेमरीवर मर्यादा घालण्याची कर्नलची सोय) चालू आहे का ते आधी बघा. तो पर्याय ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये जातो आणि ती पूर्ण फाइल एकाच ओळीत असावी लागते. चुकून एंटर दाबलं गेलं तर पुढचं सगळं दुर्लक्षित होतं. बुकवर्ममध्ये ही फाइल ‘बूट’च्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेली आहे.

नोडांमध्ये टीसीपी ६४४३ आणि १०२५०, आणि फ्लॅनेलसाठी (नोडांमधलं पॉडचं नेटवर्क जोडणाऱ्या भागासाठी) यूडीपी ८४७२ हे पोर्ट मोकळे हवेत. नोड ‘रेडी’ आहे पण वेगवेगळ्या नोडवरचे पॉड (क्लस्टरवर चालणारे प्रोग्राम) एकमेकांशी बोलत नाहीत, असं असेल तर ८४७२ अडलेला असण्याची शक्यता मोठी. छोटी उत्तरं येतात पण मोठी फाइल लटकते, तेव्हा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. फ्लॅनेलची पॅकेट गुंडाळून पाठवण्याची पद्धत, व्हीएक्सलॅन, प्रत्येक पॅकेटवर ५० बाइट घेते, म्हणून १५०० च्या नेटवर्कवर पॉडना १४५० मिळतात. तुकडे न करता १४७२ बाइटचा पिंग नोडवरून नोडवर गेला पाहिजे; २८ बाइट हेडरचे धरून १५०० होतात.

सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ असं म्हणत असेल तर बोर्डाचं घड्याळ मागे आहे. क्लस्टरची सेवा वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल असं अवलंबन तिच्या युनिट फाइलमध्ये घाला. आणि ईटीसीडी, म्हणजे क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस, एसडी कार्डावर ठेवू नका. ते प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबतं; कार्ड मंदावलं की ईटीसीडीच्या नोडांमधला नेता बदलत राहतो आणि दोष नेटवर्कचा वाटतो.

रीबूटचा क्रम

अपडेटनंतर एका वेळी एकच नोड घ्या. त्याला ‘कॉर्डन’ करा (नवं काम थांबवा), ‘ड्रेन’ करा (चालू काम दुसरीकडे हलवा), रीबूट द्या, ‘रेडी’ झाला की ‘अनकॉर्डन’ करा, आणि त्यावर पॉड चालू झालेले दिसले की मगच पुढचा. तीन कंट्रोल नोडपैकी दोन जिवंत राहिले तरच ईटीसीडी चालतं, म्हणून ‘परत येईलच’ या भरवशावर दुसऱ्याला हात लावू नका.

सगळीकडची वीज एकदम गेली असेल तर स्विच आणि राउटर बोर्डांच्या आधी पूर्ण उठायला हवेत, आणि राउटरला बोर्डांपेक्षा जास्त वेळ लागणं अगदी सामान्य आहे. कंट्रोल नोडना स्थिर आयपी द्या, म्हणजे ते डीएचसीपीच्या भरवशावर राहणार नाहीत. पीओई स्विचवर पोर्टना वेळेची पायरी देता येत असेल तर आधी स्टोरेजचा नोड, मग कंट्रोल, मग कामाचे नोड, असे काही सेकंदांच्या अंतराने चालू करा. प्रत्येक बोर्डाच्या डब्यावर होस्टनेम, मॅक पत्ता आणि स्विचचा पोर्ट लिहिलेली पट्टी चिकटवून ठेवा, म्हणजे घाईत भलत्याच नोडची केबल निघणार नाही.